'सोज्वळ' सिनेमांच्या पडद्यामागे

परवा चहाच्या टपरीवर विषय निघाला, "पूर्वीचे सिनेमे कसे घरच्यांसोबत बसून बघता यायचे!" मी मान डोलावली, पण डोक्यात आदल्याच रात्री पाहिलेला 'डाउन विथ लव्ह' घोळत होता.

पेटन रीडचा हा २००३ चा हॉलिवूडपट. काळ १९६२ चा, शहर न्यूयॉर्क. रेने झेलवेगर लेखिका, इवान मॅकग्रेगर पत्रकार. बायकांनो, प्रेमात पडू नका, असं सांगणारं तिचं पुस्तक तुफान खपतं. तिला खोटं पाडायला हा गडी अंतराळवीर असल्याची बतावणी करून तिच्याशी सूत जमवतो. (आमच्या धंद्याची अब्रू तिथेही गेलीच!)

हा सिनेमा म्हणजे डोरिस डे आणि रॉक हडसन यांच्या 'पिलो टॉक' (१९५९) आणि 'लव्हर कम बॅक' (१९६१) यांना केलेला मुजरा. त्या दोन्हींत असलेला टोनी रँडल इथेही दिसतो.

आता गंमत बघा. तेव्हा हॉलिवूडवर हेज कोडचा पहारा होता. १९३४ पासून तो कडक झाला होता. लग्नाबाहेरचे संबंध हवेहवेसे दाखवायचे नाहीत. म्हणून 'पिलो टॉक'मध्ये दोघं आपापल्या घरी, आपापल्या बाथटबमध्ये बसून फोनवर बोलतात. पडदा मधोमध दुभागलेला, आणि पाय जणू एकमेकांना टेकलेले! 'डाउन विथ लव्ह'ने हीच युक्ती उचलली आणि बिनधास्त चावटपणा केला. कोड १९६८ मध्येच गेला होता, अडवणार कोण?

पण मला अस्वस्थ केलं ते वेगळ्याच गोष्टीने. 'पिलो टॉक'मध्ये हडसन भोळाभाबडा टेक्सासवाला बनून नायिकेला फसवतो आणि 'याला बायकांत रस नसावा' अशी शंकाही तिच्या मनात पेरतो. प्रेक्षक हसले. प्रत्यक्षात हडसन समलैंगिक होता. हे फुटलं असतं तर करिअर तिथेच संपलं असतं, म्हणून त्याने ते लोकांपासून लपवलं. १९८५ मध्ये त्याला एड्स झाल्याची बातमी आली, तेव्हा कुठे जगभर चर्चा झाली. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला तो गेला. वय ५९.

ज्या हसण्याला आपण सोज्वळ म्हणतो, त्याची किंमत हा माणूस मोजत होता.

आता टपरीवर कुणी 'पूर्वीचे सिनेमे' म्हणालं, तर मी एवढंच विचारणार आहे: तेव्हा गप्प कुणाला बसावं लागत होतं?

तुम्हाला काय वाटतं? लिहा.