बालकाचें पहिलें वर्ष : एका कोष्टकाचा इतिहास

आपल्या देवघरांतील रांगता बाळकृष्ण पुष्कळांनीं रोज पाहिला असेल. पण तो घडविणाराचें निरीक्षण किती बारीक आहे, इकडे क्वचितच कोणाचें लक्ष जातें. एका हातांत लोण्याचा गोळा, दुसऱ्या हाताचा भार भुईवर, गुडघा टेकलेला आणि मान वर! ज्यानें हा सांचा प्रथम घडविला त्यानें रांगतें मूल डोळे भरून पाहिलें होतें, यांत शंका नाहीं. मात्र तें मूल कितव्या महिन्याचें, हा प्रश्न त्याला पडला नसावा. मनुस्मृतीनें चौथ्या महिन्यांत निष्क्रमण व सहाव्यांत अन्नप्राशन सांगितलें, तें संस्काराचें कालमान होय; मुलाची परीक्षा नव्हे. घरांतील वडील बायकांपाशीं मान धरणें, पालथें पडणें, बसतें होणें, रांगणें, धरून उभें राहणें अशी शब्दांची उतरंड होती व तिच्यांतील क्रमहि बहुतांशीं बरोबर होता. तारीख तेवढी कोणी टिपून ठेवीत नसे.

ही तारीख टिपण्याची संवय युरोपांतील विद्वान बापांनीं लाविली. जर्मन तत्त्वज्ञ डीट्रिख टीडमान यानें १७८१ त जन्मलेल्या आपल्या मुलाचीं टिपणें १७८७ त प्रसिद्ध केलीं. चार्ल्स डार्विनची गोष्ट याहून मनोरंजक आहे. त्याचा थोरला मुलगा विल्यम १८३९ च्या डिसेंबरांत जन्मला. सातव्या दिवशीं बापानें त्याच्या उघड्या तळपायाला कागदाचा कपटा लाविला, तों मुलानें पाय झटक्यासरशीं ओढून घेऊन बोटें आंखडलीं. नवव्या दिवशीं त्याची दृष्टि मेणबत्तीवर खिळली. एकुणपन्नासाव्या दिवशीं रंगीत गोंड्यानें त्याचें लक्ष वेधिलें. हीं टिपणें सदतीस वर्षें पडून होतीं. मूल भाषा कसें शिकतें यावर फ्रेंच पंडित तेन याचा लेख ‘माइंड’ त्रैमासिकांत वाचून डार्विननें १८७७ त तीं बाहेर काढलीं. पुढें येना येथील शरीरशास्त्रज्ञ विल्हेल्म प्रायर यानें आपल्या मुलाचें तीन वर्षें, दिवसांतून निदान तीन वेळां, निरीक्षण करून १८८२ त मोठा ग्रंथच लिहिला. या सर्व वृत्तांतांत लेखणी बापाच्या हातांत आहे. मूल ज्या हातांत वाढलें त्या आईची वा दाईची साक्ष आपल्याला त्याच्याच तोंडून ऐकावी लागते. कॅलिफोर्नियांतील मिलिसेंट शिन ही येथें निराळी उठून दिसते. आपल्या भाचीच्या जन्मापासून, म्हणजे १८९० पासून, ठेवलेल्या टिपणांवर तिनें १८९८ त कॅलिफोर्निया विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. त्या विद्यापीठांतून ती पदवी घेणारी ती पहिलीच स्त्री.

एका मुलाच्या चरित्रावरून सर्व मुलांच्या कोष्टकावर उडी मारली ती येल विद्यापीठांतील आर्नल्ड गेसेल यानें. १९११ त त्यानें न्यू हेवन शहरीं बालकांसाठीं संस्था काढली. घुमटाकार खोलींत मूल ठेवून, त्याला न दिसतां बाहेरून त्याचीं चलच्चित्रें घेतलीं, आणि आठवड्याआठवड्याचें वर्तन नोंदलें. त्याचा १९२९ चा जुळ्या बहिणींवरील प्रयोग प्रसिद्ध आहे. एकीला सेहेचाळिसाव्या आठवड्यापासून सहा आठवडे जिना चढण्याचा रोज सराव दिला. दुसरीला त्रेपन्नाव्या आठवड्यापर्यंत मुळींच दिला नाहीं. दुसरीनें दोनच आठवड्यांच्या सरावानें पहिलीला गांठलें! यावरून गेसेलनें ठरविलें, कीं शिकवणीपेक्षां आंतून होणारी पक्वता हीच मुख्य. हा निष्कर्ष मला थोडा घाईचा वाटतो. दुसरी मुलगी त्या सहा आठवड्यांत हातपाय बांधून बसली नव्हती. जिना नसला तरी भुई तिला मोकळी होती. शिवाय हीं कोष्टकें मुख्यतः एका अमेरिकन शहरांतील मध्यमवर्गीय मुलांवरून बनलेलीं. तींच पुढें घरोघर फर्मानासारखीं वाचलीं गेलीं. सरासरी म्हटली म्हणजे सुमारें निम्मीं मुलें तिच्या मागें असावयाचींच. पण शेजारचें मूल बसूं लागलें आणि आपलें अजून कलंडतें, एवढ्यावर कित्येक आयांची झोंप उडाली.

केनियांतील किप्सिगिस लोकांच्या मुलांविषयीं चार्ल्स सुपर यानें १९७६ त जें लिहिलें, त्यानें या घड्याळाची दुसरी बाजू दिसली. तेथील आया मूल बसावें म्हणून जमिनींत लहानसा खळगा करून, कपड्याचा आधार देऊन, त्यांत त्याला बसवितात व चालण्याचाहि मुद्दाम सराव देतात. तीं मुलें बसण्याचालण्यांत अमेरिकन मुलांच्या पुढें होतीं. परंतु ज्या हालचाली कोणी शिकवीत नसे त्यांत पुढें नव्हतीं. आपल्याकडे प्रमिला फाटक यांनीं बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठांत एक ते तीस महिन्यांच्या भारतीय मुलांचीं मानें तयार करून १९७० त प्रसिद्ध केलीं. परक्या मोजपट्टीनें आपलीं मुलें मोजण्याची पाळी त्यामुळें टळली, हें काम मला फार मोलाचें वाटतें.

जागतिक आरोग्य संघटनेनें २००६ त जें कोष्टक दिलें त्यांत एका तारखेऐवजीं पल्ला आहे. भारत, घाना, नॉर्वे, ओमान व अमेरिका येथील ८१६ निरोगी मुलांवरून आढळलें, कीं मूल आधारावांचून बसतें तें ३.८ ते ९.२ महिन्यांच्या दरम्यान, आणि एकटें चालतें तें ८.२ ते १७.६ महिन्यांच्या दरम्यान. म्हणजे दोन सुदृढ मुलांच्या पहिल्या पावलांत नऊ महिन्यांचें अंतर पडूं शकतें. शंभरांतील चारएक मुलें तर हातागुडघ्यांवर रांगलींच नाहींत! २०२२ त अमेरिकन सरकारच्या रोगनियंत्रण संस्थेनें आपल्या यादींतून रांगणें काढूनच टाकिलें.

परंतु पल्ला रुंद झाला म्हणून त्याला कांठ नाहीं असें नव्हे. ‘त्याचा बापहि उशिरांच चालला’ या समजुतीवर वर्ष वर्ष काढल्यानें मेंदूच्या वा स्नायूंच्या विकारावर वेळीं उपचार न झालेलीं मुलें पुष्कळ आहेत. अठरा महिने झाले तरी मूल चालत नसेल, एकच हात सदैव मुठींत आंवळून दुसऱ्यानेंच सर्व करीत असेल, किंवा पूर्वीं बसत होतें तें आतां बसेनासें झालें असेल, तर तें डॉक्टरांस तत्काळ दाखवावें. यांतील शेवटच्या लक्षणासाठीं तर कोष्टकांतील महिनाहि पाहण्याचें कारण नाहीं.