एकाच घरात दोन नागरिकत्वे
* थोरल्या भावाकडे भारतीय पासपोर्ट आणि धाकट्या बहिणीकडे नाही, हे वर्णन काही वाचकांना लेखकाची चूक वाटेल. ते अचूक आहे. १९५५च्या नागरिकत्व कायद्यानुसार, २६ जानेवारी १९५० पासून भारतात जन्मलेले जवळपास प्रत्येक मूल जन्मानेच नागरिक ठरत असे. १ जुलै १९८७ पासून आईवडिलांपैकी एकजण भारतीय असण्याची अट आली. ३ डिसेंबर २००४ पासून दुसरा पालक बेकायदा स्थलांतरित नसावा, अशी भर पडली. गोंदिया जिल्ह्यातल्या नॉर्ग्येलिंगसारख्या तिबेटी वसाहतींत त्यामुळे सख्खी भावंडे कायद्याने दुरावली. जून १९८७ मध्ये जन्मलेला भारतीय. पुढच्याच महिन्यात शेजारच्या घरी जन्मलेली परदेशी. तिला नोंदणी प्रमाणपत्राचे वेळोवेळी नूतनीकरण करून घ्यावे लागते आणि परदेश प्रवासाला पासपोर्टाऐवजी पिवळ्या मुखपृष्ठाचे ओळखपत्र वापरावे लागते. जन्मदाखल्यावर भारतातलेच गाव असताना हे सोसावे लागणे संपादकाला उघड अन्याय वाटतो. थोरल्यांनाही त्यांचा हक्क सहजी मिळाला नाही: दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये तो मान्य केला, तरी पासपोर्टासाठी २०१६ मध्ये त्याच न्यायालयाला पुन्हा आदेश द्यावा लागला. —संपा.