ठिगळ मच्छरदाणीचे

हर्निया हा शब्द आता खेड्यापाड्यांतही रुळला आहे. तरीही मोहोळच्या बाजारात पोती वाहणारा गडी दवाखान्यात येतो, तेव्हा आधी खोलीत दुसरे कोणी नाही ना हे पाहतो आणि मग हळूच सांगतो, ‘डॉक्टर, आतडं उतरतंय.’ या भागात सर्जन म्हणून मी बरीच वर्षे काम केले. लंगोट आवळून, कमरेला पट्टा बांधून वर्षानुवर्षे दुखणे अंगावर काढणारे कितीतरी पुरुष पाहिले. उशिराची कारणे दोनच : लाज आणि पैसा. लाजेवर सर्जनकडे औषध नाही. पैशाच्या अडचणीवर मात्र आपल्याच महाराष्ट्रातल्या दोन सर्जनांनी वाट काढली. त्याची ही हकिगत.

आजार फार जुना. सुश्रुतसंहितेत ‘अंत्रवृद्धी’ या नावाने त्याचे वर्णन आहे आणि कारणांत ओझे वाहणे, बलवानाशी झुंजणे, झाडावरून पडणे अशी यादी आहे. जन्माआधी मुलाचे वृषण पोटातून खाली उतरते. ती वाट जांघेत कायमची थोडी कच्ची राहते. म्हणून हा आजार प्रामुख्याने पुरुषांचा. साधारण चारांतल्या एका पुरुषाला आयुष्यात कधी ना कधी तो गाठतो. बाहेर आलेले आतडे अडकून त्याचा रक्तपुरवठा तुटला, तर जिवावर बेतते.

इटलीतल्या पादुआचे एदुआर्दो बास्सिनी यांनी १८८७ मध्ये आपली शस्त्रक्रिया जगापुढे मांडली. स्नायू ओढून खालच्या बंधाला शिवायचे, ही तिची रीत. पुढे शंभर वर्षे जगभर तीच चालली. पण विटलेल्या धोतराचे दोन काठ ओढून शिवले, की ताण पडून शिवण पुन्हा उसवते. तसेच इथेही होई. अमेरिकेतले फ्रान्सिस अशर यांनी १९५० च्या दशकाअखेरीस प्लॅस्टिकच्या धाग्यांची जाळी वापरायला सुरुवात केली. मग लॉस एंजेलिसचे आयर्विंग लिक्टेन्स्टाइन यांनी १९८४ पासून काठ ओढणे सोडूनच दिले आणि भोकावर जाळीचे ठिगळ लावले. जाळीच्या छिद्रांतून शरीराचे तंतू वाढतात आणि भिंत भक्कम होते. १९८९ मध्ये त्यांनी अनुभव प्रसिद्ध केला आणि ‘ताणरहित’ पद्धत जगभर पसरली.

अडचण होती ती किमतीची. परदेशी जाळीच्या तळहाताएवढ्या तुकड्याला काही हजार रुपये पडत. ज्याचे पोट रोजच्या हमालीवर, त्याने ते आणायचे कुठून?

धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईच्याचे डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी ग्रामीण भागातल्या इतर सर्जनांसह एक साधा विचार केला. महागडी जाळी ज्या जातीच्या प्लॅस्टिकची, त्याच जातीच्या धाग्याची मच्छरदाणी बाजारात मिळते. मग तिचाच तुकडा निर्जंतुक करून का वापरू नये? एका रुग्णाला लागणारा तुकडा रुपयाच्या आतबाहेर पडे. साडेतीनशेहून अधिक हर्नियांवरचा अनुभव त्यांनी २००३ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ सर्जरी’त मांडला. मच्छरदाणी पोटात शिवायची म्हटल्यावर नाके मुरडली जाणारच. पण युगांडात ३०२ पुरुषांवर रीतसर तुलना झाली आणि २०१६ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये निष्कर्ष आला. एका वर्षानंतर मच्छरदाणीच्या गटात एकाचा हर्निया उलटला, महागड्या जाळीच्या गटात एकाचाही नाही. हा फरक नगण्य होता. किमतीत मात्र सुमारे सव्वाशे डॉलर आणि एक डॉलर एवढे अंतर.

दुसरी वाट पुण्याच्या डॉ. मोहन देसर्डा यांची. २००१ मध्ये त्यांनी जाळीशिवायची पद्धत मांडली. रुग्णाच्याच पोटाच्या बाहेरच्या स्नायूच्या चिवट पडद्याची पट्टी वळवून ती कच्च्या जागी शिवायची. पट्टीचे मूळ स्नायूशी जोडलेलेच राहते, त्यामुळे आधार जिवंत असतो. पोलंडमध्ये २०८ पुरुषांवर तिची जाळीशी तुलना झाली. २०१२ च्या अहवालानुसार तीन वर्षांनंतर हर्निया उलटण्याचे प्रमाण दोन्हीकडे सारखेच निघाले.

एक खबरदारी सांगायलाच हवी. ही मच्छरदाणी म्हणजे घरातली, कीटकनाशक लावलेली नव्हे. धागा, छिद्रे आणि निर्जंतुकीकरण पारखूनच सर्जन ती वापरतात. तसेच कोणाला कोणती पद्धत योग्य, हे तपासूनच ठरते.

मला या दोन्ही कामांत मोठी वाटते ती प्रश्न विचारण्याची रीत. ‘रुग्णाला परवडत नाही’ इथे बहुतेकांचे बोलणे संपते. या दोघांचे काम तिथून सुरू झाले. आता उरली ती लाज. ती मात्र रुग्णालाच सोडावी लागेल. जांघेत गाठ दिसली, तर पोत्याखाली खांदा देण्याआधी डॉक्टरांना दाखवा. गाठ आत जाईनाशी झाली, दुखू लागली, उलट्या सुरू झाल्या, तर सकाळची वाट पाहू नका. त्याच रात्री दवाखाना गाठा.