ब्रायटनचा हवापालट

बूट काढू नका. गणपतीपुळ्याच्या सवयीने हात आपसूक नाडीकडे जाईल, पण ब्रायटनच्या किनाऱ्यावर वाळू नाही, गोटे आहेत. बोटाच्या पेरापासून मुठीपर्यंत सगळ्या मापांचे, करडे, तांबूस, मधूनच एखादा भोक पडलेला. लाट माघारी फिरली की सगळे एकमेकांवर घासत खाली ओढले जातात आणि खर्रर्र असा लांबलचक आवाज निघतो. लंडनहून तासाभराच्या गाडीने तुम्ही आज सकाळी उतरला आहात, छत्री ने म्हणून लेकीने तीनदा सांगितलेलं न ऐकता. समोर पाण्यात गंजलेला लोखंडी सांगाडा उभा आहे. हा वेस्ट पिअर. 1866 साली लोकांसाठी उघडला, 1975 मध्ये बंद पडला, 2003 च्या आगींनी उरलंसुरलं खाल्लं. आता त्यावर फक्त पक्षी बसतात.

फोटोसाठी फोन वर करता, तर पडद्यावर सांगाडा नाहीच. अख्खा पिअर आहे, फक्त मधला तुकडा गायब. 1940 चा उन्हाळा. फ्रान्स पडला आहे आणि जर्मन बोटी इथेच लागतील या धास्तीने ब्रायटनचे दोन्ही पिअर मधे तोडून ठेवले आहेत. गोट्यांखाली सुरुंग, वर काटेरी तारा. आपण सुट्टीवर आलोय, हे कारण इथे कुणी ऐकून घेणार नाही. निघा. पूर्वेकडे चला, आणि किनाऱ्यावरून नव्हे, वरच्या रस्त्याने.

किंग्ज रोडवर आज जिथे क्वीन्स हॉटेल आहे, तिथे पोचेपर्यंत मोटारींचा आवाज विरतो आणि घोड्याच्या लिदीचा वास सुरू होतो. 1820 च्या दशकात आलात. समुद्राकडे तोंड केलेल्या देखण्या इमारतीवर पाटी आहे, ‘महोमेद्स बाथ्स’. आत शिरल्या शिरल्या भिंतीवर टांगलेल्या कुबड्या दिसतात. बरे होऊन चालत गेलेल्या रोग्यांनी मागे ठेवलेल्या. नवसाच्या देवळात शोभावी अशी ही जाहिरात ज्याच्या डोक्यातून निघाली, तो माणूस पाटण्याचा. शेख दीन महोमेद, जन्म 1759. पोरवयात कंपनीच्या फौजेमागे गेला, एका आयरिश कॅप्टनबरोबर आयर्लंडला पोचला, तिथे जेन डेली नावाच्या मुलीशी पळून जाऊन लग्न केलं. 1794 मध्ये त्याने इंग्रजीत आपलं प्रवासवर्णन छापलं. भारतीयाने इंग्रजीत लिहिलेलं ते पहिलं पुस्तक.

तुम्हाला जडीबुटीच्या वाफेत बसवतात, भोवती फ्लॅनेलचा तंबू. तंबूला बाह्या शिवलेल्या आहेत आणि त्या बाह्यांतून दोन हात आत येतात. माणूस दिसत नाही. हात मानेवरून खांद्यावर, खांद्यावरून पाठीच्या मणक्यांवर उतरतात आणि नेमके तिथे थांबतात जिथे विमानातल्या खुर्चीने तुमचं कंबरडं मोडलंय. आपल्याकडे न्हावी पिढ्यान्‌पिढ्या करत आलेली ही चंपी-मालिश. पण इथे तिचं नाव ‘शॅम्पूइंग’, आणि चंपी करणाऱ्याचा हुद्दा ‘शॅम्पूइंग सर्जन’. तोही खुद्द चौथ्या जॉर्ज राजाचा, आणि पुढे चौथ्या विल्यमचाही. महोमेदने 1810 मध्ये लंडनला ‘हिंदुस्तानी कॉफी हाउस’ काढून आपलं खाणं विकून पाहिलं होतं. दोन वर्षांत दिवाळं निघालं. ब्रायटनला येऊन त्याने औषध विकलं आणि राजा गिऱ्हाईक झाला. मला विचाराल तर या गावाची नाडी त्याच्याइतकी कुणालाच सापडली नाही. ब्रायटनला लोक मौज करायला येत नसत. बरं व्हायला येत, आणि येता येता मौज करून घेत.

ही गोम कुठे सुरू झाली ते बघायचं तर आणखी मागे जावं लागेल. त्यासाठी थोडं पुढे चाला, रॉयल अल्बियन हॉटेलच्या जागेपर्यंत. हॉटेल नाहीसं होतं, तिथे एका डॉक्टरचं घर उभं राहतं, आणि बाजूच्या मोकळ्या मैदानात कोळ्यांची जाळी वाळत पडलेली दिसतात. 1783. गावाचं नाव अजून ब्राइटहेल्मस्टन. घर बांधणारे डॉक्टर रिचर्ड रसेल जाऊन चोवीस वर्षं झाली, पण त्यांचा उतारा जोरात चालू आहे. 1750 मध्ये त्यांनी लॅटिनमध्ये ग्रंथ लिहून सांगितलं, की गाठी-ग्रंथींच्या विकारांवर समुद्राचं पाणी रामबाण आहे. अंगावर घ्यायला, आणि प्यायलाही. तेव्हा समोर आलेला पेला मुकाट्याने घ्या. पूर्वी आपल्याकडे रविवारी पोरांचं नाक दाबून एरंडेल पाजत, तसलाच हा प्रकार, आणि परिणामही तोच.

पोटातली गडबड थांबायच्या आत तुम्हाला चाकांवरच्या लाकडी खोलीत चढवतात. घोडा ती खोली पाण्यात ओढत नेतो. आत अंधार, ओल्या लाकडाचा वास, कपडे टांगायला खुंट्या. पलीकडचं दार उघडलं की पायऱ्या थेट समुद्रात. तुम्ही बाई असाल तर पाण्यात मार्था गन उभी आहे. पुरुष असाल तर तुम्ही ‘स्मोकर’ माइल्सच्या तावडीत. बायकांना बुचकळायला बाई, पुरुषांना पुरुष. पाणी किती गार आहे हे विचारायला तुम्ही तोंड उघडता आणि त्याच क्षणी दोन दांडगे हात दंडाला धरून तुम्हाला लाटेखाली दाबतात. कान बंद. छातीत थंडी सुईसारखी. वर आणतात, श्वास घेऊ देतात, पुन्हा खाली. या कामात मार्थाने जन्म काढला. 1815 मध्ये गेली तेव्हा ती एकोणनव्वदीच्या घरात होती. म्हणजे औषध निदान तिला तरी लागू पडलं. सेंट निकोलस चर्चच्या आवारात तिचं थडगं आहे आणि त्याच आवारात दीन महोमेदचंही. गावातल्या अर्ध्या श्रीमंतांच्या अंगाला हात लावलेली ही दोन माणसं.

याच 1783 मध्ये एकवीस वर्षांचा युवराज पहिल्यांदा इथे येतो, तोच पुढचा चौथा जॉर्ज. त्याच्या मानेच्या सुजलेल्या गाठींना डॉक्टरांनी समुद्र सुचवलेला. गाठींचं जे व्हायचं ते झालं. गावात मात्र राजवाडा उभा राहिला. 1815 पासून सात वर्षं जॉन नॅश या वास्तुकाराने त्यावर घुमट, मिनार, जाळीच्या कमानी चढवल्या. बाहेरून मोगलाई, आत चिनी ड्रॅगन. नॅशने भारत पाहिला नव्हता आणि युवराजानेही. व्हिक्टोरिया राणीला ही जागा मानवली नाही. 1850 मध्ये गावाने राजवाडा 53,000 पौंडांना विकत घेतला. हा व्यवहार लक्षात ठेवा, लागेल.

अंग पुसून, कपडे चढवून दक्षिणेच्या दाराने आत जा. हे दार 1921 मध्ये भारताच्या वतीने आभार म्हणून बांधून दिलेलं. पण तुम्ही ओलांडता तोवर ते पुसलं जातं आणि हिरवळीवर पागोट्यांची गर्दी दिसते. 1915, सप्टेंबरची सुरुवात. राजवाड्याचं इस्पितळ झालं आहे, भारतीय जवानांसाठी. हिरवळीच्या कडेला स्वयंपाकघरं आहेत, एकूण नऊ. धर्माप्रमाणे, जातीप्रमाणे वेगळी. वॉर्डात हिंदूंचा नळ वेगळा, मुसलमानांचा वेगळा, आणि पाट्या उर्दू, हिंदी, गुरुमुखीत. युवराजाच्या खऱ्या मुदपाकखान्यात शिजवत काहीच नाहीत. तिथले लोखंडी खांब वर जाऊन ताडाच्या झावळ्यांसारखे फुटतात, आणि त्या तांब्याच्या झावळ्यांखाली आता शस्त्रक्रियेचं टेबल आहे.

संगीताच्या दालनात सोनेरी छताखाली पलंगांच्या रांगा. एका पलंगावरून हाक येते, “बाबूजी, चिट्ठी लिख दोगे?” गढवाली पोरगा, मिसरूड जेमतेम फुटलेलं. मार्चमध्ये न्यूव शापेलच्या लढाईत मांडीत गोळी लागली. तुमच्या मुंबईछाप हिंदीला तो आधी हसतो, मग सांभाळून घेतो. गेल्या आठवड्यात बादशहा स्वतः आले होते, हिरवळीवर मीर दस्त साहेबांच्या छातीला व्हिक्टोरिया क्रॉस लावून गेले, हे सगळं त्याने खिडकीतून पाहिलं. आणि हे घरही बादशहांचंच ना? आमच्यासाठी स्वतः बाहेर पडले? सरकारी माणसांनी त्याची समजूत तशीच राहू दिली आहे. तुम्हाला 53,000 पौंड आठवतात. तुम्ही पेन्सिलीला टोक करत बसता.

शेजारचा पलंग रिकामा आहे. तिथल्या शीख जवानाला परवा पॅचमच्या टेकडीवर नेलं. हिंदू आणि शीख असे त्रेपन्न जण तिथे चितेवर गेले, त्यांची राख याच समुद्रात सोडली. मुसलमान जवानांना वोकिंगच्या मशिदीजवळच्या दफनभूमीत पुरलं. टेकडीवर 1921 पासून पांढऱ्या संगमरवराची छत्री उभी आहे, पण ती या पोराला कशी सांगणार?

त्याच्या हातात या दालनाचं चित्र असलेलं कार्ड आहे, तेही पाकिटात घालायचंय. मायला दाखवायला. तुम्ही पत्ता लिहून घेता. तो आवाज उतरवून विचारतो, “ठीक होने पर घर भेजेंगे, या वापस लाम पर?”

इथे बरं करतात ते पुन्हा खंदकात धाडायला, हे तुम्हाला ठाऊक आहे. वर्षअखेर भारतीय पायदळाची रवानगी फ्रान्सहून मेसोपोटेमियाला होईल आणि जानेवारीत हे पलंग रिकामे होतील, हेही.

“म्हैस आहे ना घरी?” तुम्ही विचारता. “तिचं काय लिहू?”

तो उशीवर कोपर रोवून उठून बसतो. म्हैस गाभण आहे. धाकट्याच्या भरवशावर सोडू नका, तो रानात झोपून जातो. चाऱ्यासाठी उधार घेतलं असेल तर व्याज किती ठरलं ते कळवा. आणि हे आधी लिहा बाबूजी, सलाम-दुआ नंतर.