काळीज वाचविण्याची शिकस्त

'काळीज तुटलं' असे आपण म्हणतो तेव्हा मनात हृदय असते. पण खाटकाकडे काळीज मागा, तो यकृत देईल! सुमारे दीड किलो वजनाचा हा अवयव उजव्या बरगड्यांखाली असतो. दर मिनिटाला सव्वा-दीड लिटर रक्त त्यातून वाहते. वरवे बुद्रुकच्या लोकांना पुणे-सातारा रस्त्यावरचे अपघात काही नवे नाहीत. बरगडीला जबर मार बसला, की आत यकृत फाटते आणि रक्त थांबता थांबत नाही.

१९०८ साली ग्लासगोच्या प्रिंगल नावाच्या शल्यवैद्याने एक तोड सुचविली. यकृताकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्याच चिमटीत धरायच्या! ही युक्ती आजही वापरतात. पण रक्त अडविले म्हणजे पेशींचा प्राणवायूही अडला. पेशींची शिदोरी म्हणजे एटीपी हे द्रव्य. ते शोधणाऱ्यांत १९२९ साली अमेरिकेत फिस्के यांच्याबरोबर आपले यल्लाप्रगडा सुब्बाराव होते. रक्त बंद झाले, की ही शिदोरी सरत जाते.

मग चिमटा सोडला की भागलं, असे तुम्ही म्हणाल. खरी गोम इथेच आहे. भेगाळलेल्या खाचरात पाट एकदम सोडला तर काय होतं? बांधच फुटतो. तसेच इथे घडते. शिदोरी मोडून साचलेल्या अवशेषांवर, प्राणवायू परतताच, झँथिन ऑक्सिडेज हे पाचकद्रव्य काम करते आणि प्राणवायूची उग्र रूपे तयार होतात. ती पेशींना पोळतात. जो मॅकॉर्ड आदी संशोधकांनी हा विचार १९८० नंतरच्या दशकात मांडला.

आता गंमत पाहा. याच पाचकद्रव्याला आवरणारे ॲलोप्युरिनॉल हे औषध संधिवाताच्या एका प्रकारासाठी आधीच वापरात होते. ते देणाऱ्या गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांना १९८८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. विस्कॉन्सिनच्या बेल्झर आणि साउथर्ड यांनी हे औषध ग्लुटाथायोनसह थंड द्रवात घातले. स्टार्झल यांनी १९६३ साली डेन्व्हरला माणसाचे पहिले यकृतरोपण केले, तेव्हा काढलेले यकृत फार वेळ टिकत नसे. या द्रवात ते बरेच अधिक तास टिकू लागले.

एन-ॲसिटिलसिस्टीन, स्टेरॉइड, भुलीची वाफ, असे पुष्कळ उपाय पुढे तपासले गेले. उंदरांत यश आले, माणसांत मात्र सर्वमान्य ठरेल असे एकही औषध अद्याप सापडलेले नाही. म्हणून शल्यवैद्य आजही साधा हिशेब धरतात: पंधरा मिनिटे चिमटा, पाच मिनिटे मोकळीक.

गुरुजनहो, मुलांना हे अवश्य सांगा. प्राण्यात जमले म्हणजे माणसात जमले असे नव्हे. म्हणून 'यकृत राखणाऱ्या' बाटल्यांच्या जाहिरातींनी भुलू नये. आपल्या हाती औषध नाही, पण वेळ आहे. अपघात दिसला तर बघत उभे न राहता १०८ ला फोन करावा. आणि मृत्यूनंतर अवयव देण्याची इच्छा असेल तर ती घरच्यांना आजच सांगून ठेवावी. १९९४ च्या कायद्याने तशी वाट खुली केली आहे. पण ऐन वेळी संमती घरच्यांनाच द्यावी लागते, आणि काळीज फार वेळ वाट पाहत नाही.