आजीच्या लग्नाची घाई

माझ्या आजीचं लग्न 1930 च्या माघात परसवाड्यात झालं. तेव्हा ती अकरा वर्षांची होती. "अक्षय तृतीयेला करायचं ठरलं होतं गं, पण सरकारी कायदा येतोय म्हणाले, म्हणून उरकून टाकलं," असं ती सांगायची. आम्ही मुली हसायचो. पुढे तारखा जुळवून पाहिल्या, तेव्हा हसू गेलं.

शारदा कायदा मंजूर झाला सप्टेंबर 1929 मध्ये आणि लागू झाला 1 एप्रिल 1930 पासून. अक्षय तृतीया त्यानंतर येते. मधल्या सहा महिन्यांत देशभर बालविवाहांची झुंबड उडाली, आणि 1931 च्या जनगणनेत अल्पवयीन विवाहितांची संख्या वाढलेली दिसली. त्या आकड्यात माझी आजीही आहे.

विधेयक अजमेरच्या हरविलास सारडांचं, पण त्यामागे आपल्या मध्य प्रांताचाही हात होता. तेव्हा बालाघाटची राजधानी नागपूर. 1891 मध्ये संमतिवय दहाचं बारा झालं, तेव्हा टिळकांनी कडाडून विरोध केला होता. ते वय आणखी वाढवावं म्हणून नागपुरात वकिली केलेले डॉ. हरिसिंग गौर मध्यवर्ती कायदेमंडळात विधेयकं मांडत राहिले. 1928 मध्ये नेमलेल्या संमतिवय समितीचे अध्यक्ष होते अमरावतीचे सर मोरोपंत जोशी. लग्नाला मुलगी किमान चौदा वर्षांची हवी, असं समितीनं सांगितलं, आणि कायद्यातही चौदाच आलं.

पण कायदा बनवणं वेगळं, चालवणं वेगळं. गुन्हा अदखलपात्र, म्हणजे पोलिसांनी आपणहून हात घालायचा नाही. खटला जिल्हा मॅजिस्ट्रेटपुढेच चालायचा. तक्रारदाराकडून शंभर रुपयांपर्यंतचा जामीनही घेता येई. परसवाड्याच्या पठारावरून घाट उतरून, बालाघाटला जाऊन, शेजाऱ्याच्या मांडवाविरुद्ध कोण उभं राहणार? शिक्षा फार तर महिनाभर साधी कैद किंवा हजार रुपये दंड, आणि लग्न मात्र पक्कंच. म्हणजे कायदा झाल्यावरही घाईची तशी गरज नव्हती!

आमचं घर जैनांचं. पाणी गाळून प्यायचं, सूर्यास्तानंतर जेवायचं नाही, वाटेतली मुंगी वाचवायची. त्याच घरात अकरा वर्षांच्या मुलीची पाठवणी झाली, आणि त्यात कुणाला हिंसा दिसली नाही. चौदाव्या वर्षी आजी बाळंत झाली. ते मूल राहिलं नाही. त्याविषयी ती कधीच फार बोलली नाही.

पुढे 1949 मध्ये मुलीचं वय पंधरा झालं, 1978 मध्ये अठरा. 2021 मध्ये एकवीस करण्याचं विधेयक आलं, पण लोकसभा विसर्जित होताच ते संपलं. असं विधेयक पुन्हा येईल, त्यावर चर्चाही होतील. तेव्हा वयाच्या आकड्याइतकाच दुसरा प्रश्नही विचारायला हवा. पठारावरच्या मुलीनं "नको" म्हटलं, तर ते ऐकायला किती जवळ कोण असेल?

आजीला तर कुणी विचारलंच नव्हतं.