तळं एका रात्रीत हिरवं कसं होतं? शेवाळाची वाढ, त्याचा प्रवास आणि मोरचुदाचा धोका

मे महिन्यात वणीत पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. नदीची धार तुटते, डोहात आणि गावतळ्यात पाणी साचून राहतं. अशा पाण्यावर हिरवा तवंग दिसला की फोटो व्हॉट्सॲपवर फिरायला लागतो. कुणी म्हणतं केमिकल सोडलं, कुणी म्हणतं जलपर्णी आली. बहुतेक वेळा ही दोन्ही उत्तरं चुकीची असतात.

जलपर्णी ही मुळं, पानं आणि जांभळी फुलं असलेली वनस्पती आहे. दक्षिण अमेरिकेतून आलेली, हाताने उपटता येणारी. शेवाळाला यातलं काहीच नसतं. पाण्यात हिरवा रंग कालवल्यासारखं दिसलं आणि बोटाने उचलायला गेलं तर निसटलं, तर ते बहुधा नील-हरित शेवाळ असतं. नाव शेवाळ असलं तरी शास्त्रज्ञ त्याला जीवाणूंमध्ये धरतात. भाताच्या बांधीत खत म्हणून सोडतात त्याच कुळातलं हे.

याच्या पुनरुत्पादनाला फूल लागत नाही, बी लागत नाही, जोडीदारही लागत नाही. एक पेशी फुटते, दोन होतात. दोन दिवसांत संख्या दुप्पट होते असं धरलं, तर २० दिवसांत एकाचे १०२४ होतात. मग तळं ‘एका रात्रीत’ हिरवं का वाटतं? कारण मायक्रोसिस्टिससारख्या जातींच्या पेशीत हवेच्या सूक्ष्म पिशव्या असतात. कित्येक दिवस पेशी पाण्यात खालीवर पसरून वाढत असतात. वारा पडलेल्या एखाद्या रात्री त्या सगळ्या वर तरंगून येतात आणि सकाळी तवंग दिसतो. वाढ जुनी असते, दिसते आज.

खुराक आपणच पुरवतो. सांडपाण्यातून आणि शेतातून वाहून येणाऱ्या खतातून फॉस्फरस तळ्यात जातो. कपाशीला दिलेल्या डीएपीचा जो भाग पहिल्या जोरदार पावसात मातीसोबत वाहतो, तोही यात आला. पाणी पिऊन संपतं, उडून जातं, फॉस्फरस मात्र गाळात बसून राहतो. म्हणूनच एकदा हिरवं झालेलं तळं पुन्हा पुन्हा हिरवं होतं.

आता घुसखोराकडे येऊ. रॅफिडिऑप्सिस रॅसिबोर्स्की (जुनं नाव सिलिंड्रोस्पर्मोप्सिस) ही जात १९१२ साली जावा बेटावरच्या नमुन्यांवरून नोंदवली गेली. ही उष्ण कटिबंधातली, म्हणजे आपल्यासारख्या हवेची. पण पुढे ती हंगेरीतल्या बालाटॉन सरोवरात, जर्मनी-फ्रान्समध्ये आणि अमेरिकेतही पोहोचली. हिचे तंतू मधेच तुटले तरी प्रत्येक तुकडा वाढतो. परिस्थिती बिघडली की जाड कवचाच्या सुप्त पेशी तयार होतात, त्या गाळात पडून राहतात आणि पाणी तापलं की जाग्या होतात. हवेतला नायट्रोजनही ही स्वतः वापरू शकते. आणि हिचा जाड तवंग सहसा येत नाही, त्यामुळे पाणी बघून संशयही येत नाही.

अमेरिकेतल्या सरोवरांत तर याहून अजब पाहुणा आहे. युरोप-आशियातून गेलेलं निटेलॉप्सिस हे रोपासारखं दिसणारं शेवाळ. तिथे आजवर त्याची फक्त नर रोपं सापडली आहेत. मादी नाही, तरी गाळातल्या चांदणीच्या आकाराच्या पांढऱ्या गाठींतून आणि तुटलेल्या तुकड्यांतून ते बोटींना चिकटून एका तळ्यातून दुसऱ्यात जातं. आपल्याकडे अशा प्रवासाला ओली जाळी आणि मत्स्यबीजाचं पाणी पुरेसं आहे.

हे सगळं वाचून ‘मोरचूद टाका की, साफ होईल’ असं वाटू शकतं. बोर्डो मिश्रणामुळे मोरचूद आपल्या शेतकऱ्याला चांगलं माहीत आहे आणि त्याने शेवाळ मरतंही. इथेच खरी अडचण आहे.

नोव्हेंबर १९७९. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडजवळचं पाम बेट. तिथे पिण्याचं पाणी सॉलोमन धरणातून यायचं. पाण्यात शेवाळ माजलं म्हणून त्यात मोरचूद टाकलं गेलं. काही दिवसांतच उलट्या, सुजलेलं यकृत, रक्ती जुलाब असे रुग्ण येऊ लागले. एकूण १४८, त्यात १३८ मुलं. सुरुवातीला आजाराला नावच नव्हतं, ‘पाम बेटाचा गूढ आजार’ म्हणायचे. नंतर त्याच धरणात रॅसिबोर्स्की सापडलं. जिवंत पेशीत विषाचा मोठा भाग आतच राहतो. मोरचुदाने पेशी फुटल्या आणि ते एकदम पाण्यात उतरलं, असं स्पष्टीकरण पुढे आलं.

उकळून प्यायलं तर? मायक्रोसिस्टिसचं विष उकळल्याने जात नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये अमेरिकेतल्या टोलेडो शहरात ईरी सरोवराचं पाणी बाधित झालं, तेव्हा चार लाखांहून अधिक लोकांना नळाचं पाणी पिऊ नका, उकळूही नका असं सांगावं लागलं. साध्या कापडाच्या गाळणीचाही उपयोग नाही.

आपल्याकडे पहिला फटका जनावरांना बसू शकतो, कारण वाऱ्याने तवंग काठाला ढकलला जातो आणि गुरं काठालाच पाणी पितात. पोळ्याला बैल धुवायला नेताना काठाला हिरवा थर दिसला, तर ती जागा सोडा. मुलांना पोहायला उतरू देऊ नका. पाणी नळयोजनेचं असेल तर फोटो ग्रुपवर टाकण्याआधी नगरपरिषदेच्या पाणीपुरवठा विभागाला किंवा ग्रामपंचायतीला कळवा, आणि नमुना तपासायला पाठवा म्हणून मागे लागा.

रंगावरून निदान करू नका, हेही सांगायला हवं. जून २०२० मध्ये लोणार सरोवर गुलाबी झालं तेव्हा शेवाळाचं नाव सगळीकडे झालं होतं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले, तेव्हा तो रंग खारट पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांचा निघाला.

तळं कायमचं सुधारायचं तर सांडपाणी वळवणं आणि गाळ काढणं, एवढाच खात्रीचा मार्ग आहे आणि तो महागडा, वेळखाऊ आहे. वणीपासून जवळच, चंद्रपुरात, गोंडकालीन रामाळा तलावासाठी इको-प्रो संस्थेला २०२१ मध्ये अन्नत्याग सत्याग्रह करावा लागला होता. तलावात येणारं सांडपाणी थांबवा, ही त्यातली एक मागणी होती.